बाकड्यावरचं चौथं नाव

"गेलेल्यांचं काम काढू नकोस गं. ते बिचारे गप्प असतात, पण राहिलेले बोलायला लागतात," असं सासूबाई मला आधीच म्हणाल्या होत्या. मी "हो आई" म्हणाले आणि कामाला लागले. आमच्या घरात "हो आई" याचा अर्थ "ऐकलं" एवढाच होतो, हे त्यांनाही ठाऊक आहे. शिवाय माझ्याकडे समाजशास्त्राची पदवी आहे. पदवीधर सुनेला असं वाटत असतं की सासूच्या बोलण्यात फार तर अनुभव असतो, विचार नसतो.

काम तसं लहानच होतं. आमच्या इमारतीमागे एक बाग आहे आणि बागेत घसरगुंडी आहे. त्या घसरगुंडीखाली मी रोज संध्याकाळी गोलरक्षकासारखी हात पसरून उभी असते. चिऊ पाच वर्षांची झाली आहे आणि तिला माझ्या हातांची गरज नाही, हे मला सगळ्यांनी सांगून झालं आहे. पण पडायचं वय ठरलेलं नसतं, असं माझं मत आहे. बागेत बाकडी आहेत, प्रत्येकावर कुणाकुणाची नावं कोरली आहेत, "यांच्या स्मरणार्थ" वगैरे. घसरगुंडीजवळ मात्र एकही नाही. एकदा मी चिऊला ती नावं वाचून दाखवत होते, तेव्हा ती म्हणाली, "आपले आजोबा कुठल्या बाकड्यावर आहेत?"

प्रश्न माझ्या जिव्हारी लागला. आजोबा, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून सासूबाई जिना उतरल्याच नव्हत्या. "खाली जाऊन करू काय?" एवढंच म्हणायच्या. खिडकीशी बसायच्या, दुपारी झोपायच्या, रात्री झोप येत नाही म्हणायच्या. आधी पायऱ्या नकोत, मग गॅलरी नको, मग पलंगावरून उठणं नको, असं होत होत माणूस कुठवर जातं याचा मी मनातल्या मनात शेवटपर्यंत हिशेब केला होता. मला तशी सवयच आहे. कोणी शिंकलं की मी दवाखान्याच्या वेळा आठवते. तर मी ठरवलं, सासऱ्यांच्या नावाचं बाकडं घसरगुंडीसमोर टाकायचं. त्यांची आठवण राहील, सासूबाई बसायला म्हणून खाली येतील आणि मला चिऊवर बसल्या जागेवरून नजर ठेवता येईल. यातलं तिसरं कारण मी अर्जात लिहिलं नाही.

बाकडं एकाच माणसाचं असतं तर हे सगळं तिथेच संपलं असतं. पण नवऱ्याने ही गोष्ट भाऊजींना सांगितली. भाऊजी म्हणजे माझे चुलत दीर. सगळं घराणं आपणच सांभाळतो अशी त्यांची समजूत आहे, आणि ती समजूत घराणं सांभाळून आहे. ते लगेच येऊन बसले. "काकांचं बाकडं होणार, मग आमच्या वडिलांनी काय उभं राहायचं?" असा त्यांचा सवाल. म्हणून त्यांचे वडील, मोठे काका, यादीत आले. मोठे काका आले म्हणून मोठ्या काकू आल्या, कारण जिवंतपणी ती दोघं एका बाकड्यावर कधी बसली नसली तरी लोक काय म्हणतील. आणि इतके सगळे आहेत तर शिट्टीआत्या का नको, म्हणून शिट्टीआत्या.

शिट्टीआत्या ही माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. शेजारच्या शहरात मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन होती. लग्न केलं नाही, गळ्यात शिट्टी घातली. मी तिला एकदाच पाहिलं होतं, माझ्या लग्नात. जेवणाच्या रांगेत पाहुण्यांची रेटारेटी सुरू झाली तेव्हा तिने पर्समधून शिट्टी काढून अशी फुंकली की माझे मामा ताट ठेवून सावधान उभे राहिले. ती काही वर्षांपूर्वी गेली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिचं नाव निघालं की सासूबाई काहीतरी काम काढून आत जायच्या. मी ते दुःख समजले.

आता प्रत्येक नावाखाली एक ओळ लिहायची होती. एका ओळीत अख्खा माणूस बसवायचा म्हणजे बसच्या अर्ध्या सीटवर बसण्यासारखंच; काहीतरी बाहेर राहतंच. सासरे पाणीपुरवठ्यात मीटर तपासायला होते आणि घरी आल्यावरही कुठला नळ गळतोय हे झोपेत ओळखायचे. मला ते लिहायचं होतं. नवरा म्हणाला, नको, बाबांना लोक प्लंबर समजतील. मोठे काका इतके तापट होते की त्यांनी एकदा रेडिओवरच्या हवामानाच्या अंदाजाला उलट उत्तर देऊन तो खिडकीबाहेर फेकला होता. भाऊजींनी लिहून आणलं, "शांत व मितभाषी". मोठ्या काकूंशी सबंध इमारत बोलत नव्हती; त्यांच्यासाठी "मनमिळाऊ". आमच्या घराण्यात मरण हा स्वभाव सुधारण्याचा खात्रीचा उपाय आहे. शिट्टीआत्यांसाठी काही सुचेना, तेव्हा भाऊजींनी त्यांनाही "मनमिळाऊ"च देऊन टाकलं, वर "शिस्तप्रिय" जोडलं, म्हणजे दोघींत फरक राहील.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त अन्न निरीक्षक राहतात. ते कुठल्याही वस्तूकडे भेसळ असल्यासारखं पाहतात. बाकडं सिमेंटचं नको, भेगा पडतात. लाकडाचं नको, वाळवी लागते. लोखंडाचं नको, उन्हात तापतं, असा त्यांनी सल्ला दिला. मग कशाचं करायचं, असं विचारल्यावर म्हणाले की ते तुम्ही ठरवा, मी फक्त धोके सांगतो. शेवटी दगडाचं ठरलं.

दगडावर कोरणारा पाटीवाला मुख्यतः डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या पाट्या करायचा. त्याने नमुना काढून आणला तो सुरेख होता, फक्त माझ्या सासऱ्यांच्या नावाखाली "भेटण्याची वेळ सकाळी दहा ते एक, रविवारी बंद" असं आलं होतं. जुन्या साच्यात राहून गेलं म्हणाला. मी ते काढायला लावलं, तर नवरा म्हणाला की रविवारी बंद हे बाबांच्या बाबतीत खरंच होतं. पाटीवाल्याला घाई होती. मशीन एकदा लावलं की चारही नावं एकदम उरकू, पुन्हा दगड चढवायला माणसं मिळत नाहीत, असं म्हणून त्याने दोन दिवसांत सगळं कोरून टाकलं. मंजुरी नंतर येईलच, असं मी म्हणाले. माझ्यासारखी बाई, जी दुधाची पिशवी तारीख बघितल्याशिवाय फ्रीजमध्ये ठेवत नाही, ती असं म्हणाली.

मंजुरी द्यायच्या टेबलावर उद्यान विभागातल्या एक बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि चौघांचे मृत्यूचे दाखले मागितले. मी म्हणाले, अहो, स्मरणार्थ म्हटल्यावर ते गेलेलेच असणार. त्यावर त्यांनी मला समजावलं की मागे एका पुढाऱ्याने धडधाकट असताना स्वतःच्या स्मरणार्थ बाकडं टाकून घेतलं होतं, आणि विरोधी बाजूने ते हटवू नका, खरं होऊ द्या, असा अर्ज केला होता. तेव्हापासून नियम कडक झाला आहे.

"जिवंत माणसाला बाकडं देता येत नाही," बाई म्हणाल्या. "बसता येतं."

तिघांचे दाखले घरात मिळाले. शिट्टीआत्यांचा कुणाकडेच नव्हता. बाईंनी दुसरी वाट सांगितली: दोन नातेवाइकांनी शपथेवर सही करायची की त्या अमुक ठिकाणी, अमुक कारणाने वारल्या. मला वाटलं, हे सोपं आहे. आत्यांच्या जाण्याबद्दल तर घरात सगळ्यांनाच तपशीलवार माहिती होती.

भाऊजी म्हणाले, तापाने गेली. शेवटी माझंच नाव घेत होती. मावससासूबाई फोनवर म्हणाल्या, छे, न्हाणीघरात पाय घसरला. म्हणून तर मी तेव्हापासून खरबरीत फरशी लावून घेतली. नवरा म्हणाला, झोपेतच गेली, अगदी शांतपणे. तुला कसं माहीत, असं विचारलं तर म्हणाला, चांगली माणसं तशीच जातात ना. मग मी प्रत्येकापुढे कागद ठेवला. भाऊजींना एकाएकी आठवलं की ते त्या वेळी परगावी होते आणि त्यांना हे मावशींकडून कळलं. मावशी म्हणाल्या, मला तर भाऊजींनीच सांगितलं. नवऱ्याने पेन उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "आईला विचार ना."

सासूबाईंनी कागदाला हातच लावला नाही. म्हणाल्या, "मी सही करणार नाही. ते नाव काढून टाक." आणि आत गेल्या. दगडावर कोरलेलं नाव काढून टाक म्हणजे काय करू, हे मात्र कोणी सांगेना. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. ज्यांनी जिना उतरावा म्हणून बाकडं करत होते, त्या आता स्वयंपाकघरापर्यंतही येईनात. माझ्या मनाने लगेच पुढचे सगळे टप्पे मोजून घेतले.

म्हणून मी स्वतःच जायचं ठरवलं. आत्यांच्या शहरात जाऊन नोंद शोधायची, दाखला आणायचा आणि हे प्रकरण मिटवायचं. चिऊला बरोबर घेतलं, म्हणजे थर्मामीटर, उलटीची पिशवी, दोन स्वेटर आणि जादा मोजेही बरोबर घेतले. तिथल्या नोंदणी कचेरीतल्या माणसाने बराच वेळ संगणकात शोधलं. त्याला मदत करायची मनापासून इच्छा होती. मग मान हलवून तो खिन्नपणे म्हणाला की आमच्याकडे तरी त्या मेलेल्या नाहीत, आणि आजूबाजूला चौकशी करायला सांगितलं.

वसतिगृहामागच्या गल्लीत एक इस्त्रीवाला होता. मी आवाज शक्य तितका हळवा करून विचारलं की इथे पूर्वी एक मेट्रनबाई राहायच्या, त्यांचं शेवटी काय झालं. तो इस्त्री न थांबवता म्हणाला, "त्या? आत्ताच भाजी घेऊन वर गेल्या."

 मी चिऊचा हात घट्ट धरला. खरं तर तिनेच माझा धरला असावा.

दार अर्धं उघडलं आणि आतून आवाज आला, "जनगणनेला आला असाल तर मी एकटीच. लस झालीय. विकत काही घ्यायचं नाही." लग्नातल्या शिट्टीसारखाच आवाज. मी कोणाची सून ते सांगितलं. त्यांनी दार पूर्ण उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "एवढ्या वर्षांनी काय काम काढलंस?"

यावर काय बोलावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात चिऊ म्हणाली, "आम्ही तुमचा मेल्याचा कागद न्यायला आलोय."

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मिळाला का?"

"नाही. ते म्हणाले, इथे नाही."

"मग बसा," आत्या म्हणाल्या. "चहा टाकते."

चहा होईपर्यंत मी बाकडं, भाऊजी, ताप, न्हाणीघर, सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखी इभ्रत माझ्याकडे उरलीच नव्हती. त्यांनी चहा गाळला. मग कप पुढे ठेवून म्हणाल्या, "मी गेल्याचं मला नाही कळवलंत ते जाऊ दे. पण दादा आणि वहिनी गेले तेव्हा तरी कोणी फोन करायचा होता."

मी म्हणाले, "आत्या, बाबा गेले. आई आहेत."

त्यांना ते समजायला वेळ लागला. हळूहळू उलगडलं ते असं. वर्षातून एक-दोनदा दोन्ही घरांचे एकमेकांना फोन व्हायचे. मोबाइल आल्यावर आम्ही घरचा फोन काढून टाकला, त्याच सुमाराला आत्यांनीही काढला, आणि नवा नंबर कळवायचं दोघांनीही दुसऱ्यावर सोडलं. मग आत्यांनी आमच्याकडे फोन लावला, तर बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. त्यांनी तोच आम्ही गेल्याचा निरोप समजला. इकडे सासूबाईंनी त्यांना लावला, तर तीच बाई तेच म्हणाली. सासूबाई मावशींना म्हणाल्या, फोन लागत नाही, वन्सं बहुतेक गेल्या. मावशींनी भाऊजींना सांगताना "बहुतेक" गाळलं. भाऊजींनी ताप घातला. आमच्या घरात माणसं अशी हाताहाताने मारली जातात, आणि प्रत्येकाचा हात स्वच्छ राहतो.

"आणि तुम्ही नाही आलात एकदाही?" मी विचारलं.

"ज्यांनी भाऊ गेल्याचं कळवलं नाही त्यांच्या दारात मी का जाऊ?" त्या म्हणाल्या. मग, "दादा कधी गेला?"

मी सांगितलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे मी रडले तेव्हा तो होता."

"होते," मी म्हणाले.

समाजशास्त्राची पदवी बाजूला ठेवली. मी घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला आणि नेहमीप्रमाणे आधी चिऊने खाल्लं का ते विचारलं. मी म्हणाले, आई, जरा बसून बोला, आणि फोन आत्यांच्या हातात दिला.

पलीकडून सासूबाई हॅलो हॅलो म्हणत होत्या. मग आत्या म्हणाल्या, "वहिनी, तुमचा आवाज बसलाय."

पलीकडचं मला ऐकू येत होतं. सासूबाई फोनवर ओरडूनच बोलतात. त्या दिवशी मात्र कान द्यावा लागला. "वन्सं? तुम्ही गेला होतात ना?"

"मी कुठे जाणार? तुम्ही गेला होतात."

मग नंबर कोणी कळवायला हवा होता यावर भांडण झालं. ते ऐकून मला बरं वाटलं. मेलेली माणसं इतक्या बारकाईने भांडत नाहीत. भांडण संपल्यावर आत्यांनी विचारलं, "दादा माझं विचारायचा का?"

"रोज," सासूबाई म्हणाल्या. "अंथरुणाला खिळले होते. त्यांना काय सांगणार, तुम्ही गेलात म्हणून? मी म्हणायचे, वन्सं बऱ्या आहेत, आत्ताच फोन आला होता, भाजी आणायला गेल्यात. शेवटपर्यंत खोटं बोलले हो मी. ते अजून घशाशी अडकलंय."

"खोटं कुठे?" आत्या म्हणाल्या. "जात होते की मी भाजीला."

 मग सासूबाई म्हणाल्या, "थांबा तिथेच. मी येते." आणि आल्या. नवऱ्याने सांगितलं, त्या जिना इतक्या भरभर उतरल्या की तोच मागे राहिला, आणि चप्पल दोन्ही पायांत वेगवेगळी होती, हे बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. दोघी दारात भेटल्या तेव्हा मिठी वगैरे काही झाली नाही. एकमेकींची केवढी बारीक झालात, केवढ्या पिकलात, अशी नीट तपासणी झाली. नवऱ्याने आत्यांना वाकून नमस्कार केला. त्या त्याला म्हणाल्या, "झोपेत गेले होते म्हणे मी. शांतपणे." तो पुढे दिवसभर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

दगडाचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. पाटीवाल्याने आत्यांच्या नावात सिमेंट भरून दिलं. ते दगडाहून जरा पांढरं निघालं, त्यामुळे आता चारांतलं तेच एक नाव लांबूनही वाचता येतं. आत्यांना नावाबद्दल तक्रार नव्हती. "मनमिळाऊ" कोणी लिहिलं, एवढंच त्यांनी भाऊजींना चारचौघांत तीनदा विचारलं. मंजुरीच्या आधी उद्यान विभागाच्या बाई पाहणीला आल्या तेव्हा आत्या स्वतःच्या नावावर बसून राहिल्या आणि बाईंना बागेतल्या शिस्तीबद्दल इतकं सुनावलं की बाई मोजमाप न घेताच परतल्या. मंजुरी आली. आत्या महिन्यातून आठवडाभर आमच्याकडे असतात. तेव्हा सासूबाई रोज खाली येतात. दोघी सासऱ्यांबद्दल बोलतात, आणि मला कळतं की ते लहानपणी फार खोडकर होते, पोहायला घाबरायचे, आणि बहिणीला वसतिगृहात नोकरी मिळावी म्हणून घरातल्या सगळ्यांशी भांडले होते. यातलं काहीही एका ओळीत बसलं नसतं. मी अजूनही घसरगुंडीखालीच उभी असते, कारण बाकड्यावर मला जागा उरत नाही.

परवा बोलता बोलता आत्या त्यांच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईंबद्दल सांगत होत्या. तीस वर्षं दोघींनी एका छताखाली काढली. चांगली बाई होती, म्हणाल्या, गेली बिचारी गेल्या वर्षी. मी सहज विचारलं, काय झालं होतं त्यांना?

"काय झालं कोण जाणे," आत्या म्हणाल्या. "फोनच लागत नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. रविवारी आम्ही तिघी त्या बाईंच्या गावी जाणार आहोत. तुमच्याही ओळखीत कोणी असेलच. एखादी मामी, जुने गुरुजी, वडिलांचे कचेरीतले सोबती, ज्यांच्याबद्दल तुम्ही आजकाल "होते" म्हणून बोलता आणि नेमकं कोणी सांगितलं ते आठवत नाही. एकदा जाऊन बघा. दार वाजवा, आणि लगेच परत फिरू नका. म्हाताऱ्या माणसांना दारापर्यंत यायला वेळ लागतो.